खोक्यावरची आजी

१ डिसेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच घे, कारण हात कोपरापर्यंत बरबटलेत आणि तीनदा साबण लावूनही वास जात नाही.

बेकरीत नाताळची गडबड कशी आहे, असं तू विचारलंस. ऐक. दुकानांतून परत आलेले केक, पावाच्या कडा, मोडकी बिस्किटं, सगळं चुरून एका टाकीत टाकतात आणि वर काळपट रंग ओततात. त्यात पपईचे लाल-हिरवे रंगवलेले तुकडे, तोच म्हणे सुकामेवा. भट्टीवाला बोट बुडवून चव बघतो, बोट चाटतो आणि तेच बोट पुन्हा बुडवतो. परवा त्याला ऐन टाकीवर शिंक आली. पुढचं लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील. आणि खोक्यावर छापलंय काय, तर 'आजीच्या हातचा'! चष्मा, पांढरा अंबाडा, गालावर खळी. आमच्या बेकरीतल्या आजीला मिशा आहेत आणि ती बिडी ओढते.

मग सोडत का नाहीस, असं तू विचारशीलच. कारण तुला माहीत आहे. ते कारण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून खोक्यांना लाल फीत बांधतं. तिने कॉलेज सोडून इथे काम धरलं, म्हणून मीही आठवड्याभरात कॉलेज सोडलं. अजून तिच्याशी धड बोललेलो नाही. काल तिने कात्री मागितली. मी दिली. अख्खा दिवस तेवढ्यावर काढला.

घरी येण्याचं नाव काढू नकोस. कॉलेज सोडणाऱ्याने या घराचा उंबरा चढू नये, असं बाबांनी बजावलंय. त्यांनी स्वतः बोलावल्याशिवाय मी चढणार नाही. हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

लोभ आहे तसा ताजा ठेव, इथल्या केकसारखा शिळा होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


७ डिसेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक साबणासाठी.

तुझं पत्र वाचलं आणि चहाबरोबरचा विकतचा केक मांजरीपुढे टाकला. तिनेही तोंड फिरवलं. पत्र पिठाच्या डब्यामागे लपवलंय.

कात्री दिलीस हे छान केलंस. या वेगाने तुमच्या लग्नात माझी नातवंडं नाचतील.

आईने मनुका आणि संत्र्याची साल उन्हाळ्यापासून रममध्ये भिजत घातलीय. बरणी उघडली की अख्खं स्वयंपाकघर झिंगतं. पण पुढे काय? आपल्याकडे केकच्या पिठात पहिला डाव धाकट्याने फिरवायचा, मग वयाने चढत चढत शेवटचा बाबांनी. तुझा डाव फिरल्याशिवाय पातेल्याला कोणी हात लावत नाही. आई म्हणाली, मग यंदा केकच नको. बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि त्याच्या आडून म्हणाले, बाहेरून मागवू. तू आणि बाबा, दोघं एकमेकांना वरचढ हट्टी आहात. लाकडी डाव मात्र मी धुऊन उन्हात ठेवलाय.

रुसलेल्यावर माया करता करता थकलेली,
ताई


१५ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय.

आज सकाळी फीतवालीने माझ्यापुढे एका ऑर्डरची चिठ्ठी धरली आणि आडनाव बघून विचारलं, हा पत्ता तुझ्याच घरचा ना? आपलाच पत्ता, ताई! बाबांच्या नावाने, चोवीस तारखेसाठी, मोठा केक. आणि तो या बेकरीतून! घरात उन्हाळ्यापासूनची बरणी, आणि ताटात भट्टीवाल्याचं बोट? मी ओरडलो की ही घाण माझ्या आईच्या पानात पडणार नाही, फाडून टाक ती चिठ्ठी.

तिने फाडली नाही. आवाज न चढवता म्हणाली की सकाळपासून चाळीस पत्ते चिकटवलेस तेव्हा पोटात ढवळलं नाही, त्या घरांत आया नाहीत का? मग म्हणाली की तिला केकपेक्षा माझीच जास्त किळस येते. स्वतःचीही येते म्हणाली, रोज, फीत बांधताना.

पहिल्यांदाच ती माझ्याशी एवढं बोलली, आणि हे बोलली. आणि खरं बोलली.

मग माझं डोकं फिरलं. तसाच पुढे दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांच्या रांगेसमोर टाकीत काय काय जातं ते शिंकेसकट सांगितलं. एका बाईंनी हातातलं खोकं गपचूप खाली ठेवलं. मालकाने कॉलर धरून मला रस्त्यावर काढलं. वळून बघतो तर ॲप्रनची गाठ सोडत तीही मागोमाग बाहेर. कात्री तेवढी तिने बरोबर आणली होती.

आता नोकरी नाही, कॉलेज नाही, घरही नाही. बाबांना सांग, केक येणार नाही.

तू तरी मला मनातून काढू नकोस.

धाकटा


१९ डिसेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

तुझी पत्रं पिठाच्या डब्यामागे सापडली. तीस वर्षं झाली, या घरात सगळं तिथेच लपवतात.

पहिलं पत्र वाचूनच मी ती ऑर्डर दिली होती. दुसऱ्यांना खाऊ घालतोस ते घरच्यांना पाठवतोस का, हे बघायचं होतं. घरासाठी ओरडशील हे ठाऊक होतं. रांगेसमोर बोलशील असं वाटलं नव्हतं. तेवढ्यापुरता मी चुकलो.

कॉलेजचं विसरलेलो नाही. त्यावर भांडण बाकी आहे आणि ते पत्रातून जमत नाही. तेव्हा घरी ये. मी बोलावतोय.

आईने पातेलं काढलंय. त्या मुलीलाही घेऊन ये, पण तिचं वय आधी कळव. ती तुझ्याहून लहान असेल तर पहिला डाव तिचा, आणि तुझा वीस वर्षांचा मान गेला.

बाबा