गिरणीवरची खोली

कोबे, रविवार दुपार

प्रिय ताई,

गणपती गेल्यापासून हे पत्र लिहायचं म्हणतोय. पॅड आणलं, पेन आणलं, पेन हरवलं, दुसरं आणलं. एकदा बसलो तर समोरच्या इमारतीतल्या आजींनी एक अख्खं कपाट टाकायला काढलं होतं, ते बघायला खाली गेलो. इथे कपाट असं टाकता येत नाही, आधी त्याचं स्टिकर विकत घ्यायचं, मग ठरल्या दिवशी ठरल्या कोपऱ्यात... पण ते राहू दे. काय लिहायचं ते माहीत होतं, म्हणूनच टाळलं. फोन केला असता, पण तुझा फोन कायम गिरणीच्या काउंटरवर स्पीकरला, आणि निम्मं मिरज दळणाचे डबे घेऊन ऐकत उभं. दादाने तुला हक्कसोडीची सही करायला कचेरीत बोलावलंय, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, हे त्या सगळ्यांसमोर कसं बोलणार?

मी बरा आहे. दमलोय, एवढंच. सकाळी जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभं राहायचं आणि पुढे सरकणाऱ्या प्रत्येक डब्यातल्या भाताच्या मधोमध एक लाल, खारवलेलं आंबट फळ ठेवायचं. माझं काम तेवढंच. दुपारी जपानीचा वर्ग, तिथे झोप. मला कोबे आवडलं, कारण एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, माझ्यासारखा माणूससुद्धा हरवत नाही. दादाकडे टोकियोत, कोतोला राहिलो तेव्हा रोज हरवायचो. सगळ्या इमारती सारख्या. त्यात फ्रिजवर त्याचा तक्ता, कुठल्या वारी कुठला कचरा. प्लास्टिकच्या दिवशी मी बाटल्या ठेवल्या तर दादाची कश्मिरा मला जपानीत रागवायची. मी मराठीत उत्तर दिलं की म्हणायची, काका, तुझं बरोबर नाही. सात वर्षांची पोरगी. शेवटी निघालोच तिथून. पुणं सोडलं तसंच. आय.टी.आय. सोडलं तसंच. तू म्हणतेस ना, याच्या पायाला भिंगरी बांधलीय. भिंगरीपण थकते गं.

तर इथे अनघा नावाची पुण्याची एक बाई भेटली, विद्यापीठात आहे, संगणकाला जुनी कागदपत्रं वाचायला शिकवते. तिच्याकडे फ्रान्सच्या दक्षिणेकडचा एक सरदार आलाय, आठशे वर्षांपूर्वीचा, गिराउत नावाचा. ऑक्सितानिया म्हणतात त्या मुलखाला, तिथली भाषाही वेगळीच. त्याचं कुळ तिला भिंतीवर मांडून हवं होतं आणि माझं अक्षर बरं, म्हणून मी शनिवारी जाऊन नावांच्या चिठ्ठ्या लिहितो आणि चिकटवतो. बारावीत इतिहासाला मला किती होते ते तुला माहितीय. पण ही माणसं मला आपलीच वाटायला लागली. गिराउतला तीन मुलगे, एक मुलगी. तिकडे म्हणे थोरल्यालाच सगळं, अशी रीत नव्हती. सगळ्या मुलग्यांना वाटा. एका किल्ल्याचे तीन मालक! एकाला बुरूज, एकाला दिवाणखाना, एकाला तबेला आणि वरची माडी. विहीर सामाईक. दरवाजाच्या किल्ल्या तिघांकडे. मी अनघाला म्हटलं, भांडणं होत असतील. ती म्हणाली, तुझ्या घरी होत नाहीत का? नातवंडांच्या, पणतवंडांच्या वेळेपर्यंत एकेकाच्या वाट्याला किल्ल्याचा चोविसावा भाग, म्हणजे एखादा जिना असेल. एका पणतूने आपला वाटा घोड्याबदली दिला आणि निघून गेला. त्याची चिठ्ठी मी जरा मोठ्या अक्षरात लिहिली.

मुलीचं नाव अझलाइस. तिच्या नावाखाली रेघच ओढायची नव्हती. मी विचारलं, का गं, मेली का ही? अनघा म्हणाली, मेली नाही, लग्न झालं. लग्नात तिला अंथरूण, एक खेचर आणि कपडे दिले, आणि चर्चसमोर तिच्याकडून वदवून घेतलं की बापाच्या कशावरही आता माझा हक्क नाही. सगळ्याच मुलींकडून घ्यायचे. तिनं आनंदानं सांगितलं असं लिहिलंय म्हणे. नेहमी आनंदानंच लिहायचे. मी चिठ्ठी हातात धरून उभा राहिलो. मला आपल्या मिरजेच्या रमामावशींची साडी आठवली, हक्कसोडीच्या दिवशी त्यांच्या भावाने नेसवलेली, आंबा रंगाची. तू म्हणाली होतीस, माहेर राहावं म्हणून करतात बाया.

पुढचं ऐक. अझलाइस विधवा होऊन परत आली. तोवर भाऊ गेलेले. बापाच्या गिरणीवर, पाण्यावर चालणारी गिरणी, एक खोली होती, ती तिने भाच्याकडे मागितली. भाच्याने दिली. काय म्हणून दिली? दया म्हणून. मरेपर्यंत राहावं, दळणावर काही हक्क सांगू नये. जिथे लहानपणी हिच्या केसांत पीठ बसलं असेल, तिथे ही दयेने राहिली.

त्या शनिवारी मी बाकीच्या चिठ्ठ्या लावल्याच नाहीत. स्टेशनपर्यंत चालत आलो, मग पुढच्या स्टेशनपर्यंत, मग त्याच्याही पुढच्या.

ताई, दादा वाईट नाही. बाबांच्या आजारपणात तो तिकडून धावत यायचा, मी तर तेव्हा कुठे होतो मलाच आठवत नाही. त्याला टोकियोशेजारी, इचिकावाला घर घ्यायचंय आणि बिल्डरला मिरजेची जागा एकाच्या नावावर हवीय. त्यानेच मला सांगितलं, तिला पत्र लिही, ती तुझं ऐकते, सही कर म्हणावं. मी हो म्हणालो. तो म्हणाला, नव्या इमारतीत तिला वर एक खोली देऊच ना, तिला कोण बाहेर काढतंय? वर एक खोली. मी फोन कानाला धरून होतो आणि मला ती चिठ्ठी दिसत होती. बाबांनंतर गिरणी तू चालवलीस, दगडांना टाकी तू लावतेस, पट्टा तुटला की तू बसवतेस. त्या जागेत तू कुणाच्या दयेने का राहायचं? तर हे पत्र त्याने सांगितलेलंच आहे, फक्त उलटं. सही करू नकोस. साडी घे, ओवाळ, पोटभर जेवू घाल त्याला, पण सही करू नकोस. मीही करणार नाही. माझ्या वाट्याचं काय करायचं मला कळत नाही, तो तुझ्या गिरणीखालीच राहू दे. माहेर तुटायचं असेल तर माझ्यापासून तुटणार नाही एवढं

थांब, फोन वाजला. दादाचा मेसेज. खाली आहे, कितवा मजला? खिडकीतून बघतोय, खरंच तो. न सांगता शेजारच्या घरी न जाणारा माणूस टोकियोहून आलाय, समोरच्या कोंबिनीच्या, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानाच्या, छपराखाली खांद्याला बॅग लावून वर बघतोय. पत्र लिहिलंस का, हेच विचारायला आला असणार. टपालपेटी त्याच्या शेजारीच आहे. पाकीट आता बंद करतो आणि त्याला वर आणायच्या आधी, त्याच्यासमोरच टाकतो.

तुझाच, कधी नव्हे तो एका जागी उभा असलेला,
सारंग