न फिरणारं यंत्र

प्रिय उम्मा,
बेपूरला सगळ्यांना तुझ्या लेकाचे, नौफलचे सलाम. जहाजावर जेवण बरं असतं, पण तुझ्या मत्ती माशाच्या कालवणाची सर नाही.

आमच्या जहाजाच्या दिशादर्शक यंत्राला उप्पा हसले होते ना, "स्वतः न फिरणारं यंत्र जहाजाचं वळण काय ओळखणार?" त्यांना सांग, त्यातल्या काचेच्या धाग्याच्या वेटोळ्यातून प्रकाश एकाच वेळी दोन उलट दिशांनी धावतो. जहाज वळलं की एका किरणाला किंचित उशीर होतो. त्यावरून वळण कळतं.

परवा खडकांपाशी दाट धुकं होतं, त्यात जीपीएस बंद पडलं. सुकाणू माझ्याकडे होतं. कप्तान म्हणाले, "बाहेर बघू नकोस, यंत्राचा आकडा बघ." तसाच वळलो आणि सुखरूप निघालो.

उप्पांचा खोकला कसा आहे? त्यांना यंत्राचं सांग, खडकांचं नको.

तुझाच,
नौफल