गोदाच्या खोलीतली शेगडी

श्रावण शु. ९, बुधवार. लिंबागणेश.
फार दिवसांनी लिहितोय. चूक माझीच, माफी मागायची ती या वहीचीच. लेक गोदा बाळंतपणाला आली, मुलगी झाली, आज पंधरावा दिवस. झड उघडत नाही. लंगोट वाळत नाहीत, हीच काळजी. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, तिच्यावर बांबूची पाटी उपडी, पाटीवर लंगोट पसरायचे. आमच्याकडे पावसाळ्यात असंच वाळवतात, सगळ्या घरांत. पण तीन तास झाले तरी दमटच. दमट लंगोट बांधला की पोर शिंकतं.

शु. १०.
गोवऱ्या ओल्या असतील म्हणून लोहाराकडून बाभळीचा कोळसा आणला. धूर कमी झाला. लंगोट तसेच. गोदा म्हणाली, डोकं जड झालंय. माझी थोरली बहीण आक्का म्हणते, अशक्तपणा. असेल.

शु. १२.
पाटी उलटून पाहिली. आक्कानं ती शेणानं दाट सारवलेली, ठिणगी लागू नये म्हणून. भोकं सगळी बुजलेली, मग ऊब वर कशी येणार? शेजारून कोंबड्यांचं डालगं मागून आणलं, विरळ विणीचं. आक्का हसली. "किसना, आता नातीला खुराड्यात घाल. सात बाळंतपणं मी काढली, तू आपले कागद रंगव." डालग्यावर लंगोट गरम होतात, वाळत नाहीत. भिंतीवर घाम आल्यासारखं पाणी. हे पाणी कुठून?

पौर्णिमा.
गोदा उठताना पडली. पोर सकाळपासून प्यायलं नाही, मान टाकून पडलेलं. दोघींना उंबऱ्यापाशी आणलं तर जरा बरं वाटलं. पोर रडलं. पण आक्का ओरडली, "वारं लागंल. कावून बाहेर काढलीस?" पुन्हा आत नेलं, दाराला वाकळ लावली. मीच लावली. का लावली...

वद्य २.
जावई धारूरहून गाडी घेऊन आले. गोदाचं तोंड पाहिलं आणि ओसरीवर टेकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मामा, हितली हवा तिला मानवत न्हाई. नेतो मी." आक्कानं शेगडी दिली, डालगं दिलं, कोळशाचं पोतं दिलं. वर बजावलं, आतल्या खोलीत ठेवा, फट राहू देऊ नका. पोतं मी स्वतः उचलून गाडीत ठेवलं. गोदानं गाडीतून विचारलं, "आबा, पोर जगंल ना?" मी हो म्हणून मान हलवली.

वद्य ३.
आक्कानं जुन्या शेगडीत उरलेला कोळसा पेटवून वाकळा वाळायला त्याच खोलीत टाकल्या. राहिलेले चार लंगोट मी फिरवत बसलो, दार लावून. थोड्या वेळानं डोकं जड. मग मळमळ, पायांत जोर नाही. सरपटत अंगणात आलो, ओकलो. पावसात बसलो तसं उतरलं.
गोदा अगदी हेच सांगत होती. हेच.
आत वाकून वर पाहिलं. माळवदाला धूर जायचं सवणं आहे, पाऊस आला की फरशी ठेवायची, उघडला की सरकवायची. यंदा गोदा येणार म्हणून आषाढात मीच ती फरशी पांढऱ्या मातीनं पक्की लिंपून टाकली. वाऱ्याची झुळूकही येणार नाही म्हणून शेजाऱ्याला दाखवलीसुद्धा. दाराला वाकळ, वर फरशी. लंगोटातलं पाणी जाणार कुठं? कोळशाचा विखार जाणार कुठं?
पाऊस जरा उघडताच वर चढून पहारीनं लिंपण फोडलं, फरशी सरकवली. आक्काच्या भाकरी होईतो चारही लंगोट खडखडीत वाळले. तिनं ते हातात घेतले, एकेक चाचपून पाहिला. मग म्हणाली, "आन् मी तिला फट ठिवू नका म्हनलं."
उतरताना घसरलो. घोटा सुजलाय.

वद्य ४.
चालवत नाही. धारूरच्या बाजाराला निघालेल्या गाडीवानाजवळ चिठ्ठी दिली: शेगडी बाहेर काढा, वर सवणं उघडं ठेवा, दार लोटू नका. त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तो म्हणाला, "पाठ झालं, पाव्हणं, आता कासरा सोडा."
सवणं मी बुजवलं होतं हे चिठ्ठीत लिहिलं नाही. लाज वाटली.

वद्य ६.
झोप नाही. जावयाच्या आईला वाटेल, म्हाताऱ्याचं खूळ. बाळंतिणीला कुणी वाऱ्यात ठेवतं का? कारण लिहिल्याशिवाय कोण ऐकेल. आज दुसरी चिठ्ठी. सगळं लिहिलं, मीच बुजवलं, मीच कोंडलं, मीही आत बसून पाहिलं. न्यायला माणूस मिळाला नाही. आक्का वेशीत जाऊन बसलीय, त्या वाटेचं कुणी दिसतंय का बघायला.

वद्य ८.
चिठ्ठी धनगराबरोबर गेली. पहिल्या चिठ्ठीचं उत्तर नाही. गाडीवानही परतला नाही.
गोदे, रागाव, पण कुणाजवळही सांगावा धाड. लांबलचक नको. पोर पितंय, एवढंच. आज उद्या धाड बाई.