बदली पिल्लू घेऊ नकोस

दीना,

मी वकिलांबरोबर नगरला ग्राहक आयोगात आपला बटर गेला त्याची तक्रार द्यायला चाललोय. आत्ताच त्या कुत्र्याची पिल्लं विकणाऱ्याचा फोन आला होता. दुपारी बदली पिल्लू घेऊन येतो म्हणाला. लई गोड बोलेल, पण दार उघडू नकोस आणि कशावरही सही करू नकोस. सही केली की तक्रार मिटली, असं वकील सांगतात. आजारी पिल्लू त्याने ठणठणीत म्हणून आपल्या गळ्यात मारलं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, त्यामुळे कायदा आपल्या बाजूने आहे. तक्रारीत बटरला 'सदोष वस्तू' लिहावं लागतं म्हणे. लिहीन, काय करणार.

डॉक्टर आणखी एक म्हणाले, ते तुला काल सांगवलं नाही. हा रोग फरशीत, अंगणातल्या मातीत वर्षभर राहतो. तू फिनेलने कितीही पुसलंस तरी जात नाही. नवीन पिल्लू आपल्या घरात आलं तर तेही जाईल. एंजल नवीन पिल्लू मागेल, तर पोरीला एवढंच सांग, इतक्यात नको. प्रार्थनेत ती अजून बटरचं नाव घेते, तिला टोकू नकोस.

बटर झोपायचा ते दारातलं पायपुसणं तू परवा ओलांडून आत आलीस, तेव्हा मी तुला वेडी म्हणालो. मघाशी दूध आणायला निघालो, तर मीही ते ओलांडूनच बाहेर पडलो. येतानाही.

शलमोन