काढून परत घाल

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ९.
बायको बहिणीकडे गेली. चार दिवसांसाठी. ती 'चार दिवस' असं म्हणाली नाही, पण दोन बॅगांत आणखी किती दिवस मावणार? कॉम्प्युटर इथेच ठेवून गेलीये, म्हणजे येणारच.

भांडण वगैरे झालेलं नाही. सकाळी आठला तिची ऑनलाइन गणिताची शिकवणी असते. कॉम्प्युटरला खोचायचा तिचा वायफायचा डोंगल नेहमीप्रमाणे चालू होईना. तिने आतून तीनदा हाक मारली. मी तिन्ही वेळा बसल्या जागेवरून 'काढून परत घाल' म्हणून सांगितलं. सल्ला योग्य होता. चौथी हाक आली नाही, तेव्हा मला वाटलं चालू झालं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.
कारण सापडलं. सगळ्याचं मूळ तो डोंगल. तीन वर्षं रोज सकाळी तोच वैताग, माणूस कंटाळणारच! आणि मी कोण, तर ड्रायव्हर लिहिणारा. म्हणजे असल्या वस्तू कॉम्प्युटरशी ज्या प्रोग्राममुळे बोलतात, ते प्रोग्राम लिहून पोट भरणारा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

संकल्प: रविवारच्या आत ड्रायव्हर दुरुस्त. सोमवारी आठला ती इथेच शिकवत असेल. ऑफिसात रजा टाकली. कारण 'घरगुती' लिहिलं. खोटं नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर.
कोड उघडला. अरे देवा. डोंगलला वीज मिळाली की जागं व्हायला जरा वेळ लागतो. ड्रायव्हर त्याला एकदाच विचारतो, तयार आहेस का? उत्तर आलं नाही की विषय संपला. पुन्हा विचारणं नाही, थांबणं नाही. कुठल्या गाढवाने लिहिलंय, म्हणून वर नाव बघितलं.

माझंच. आठ वर्षांपूर्वीचं. त्या काळी डेडलाइन फार कडक असायच्या.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.
विचारण्याआधी पाच सेकंद थांबायचं, अशी ओळ घातली. कॉम्प्युटर पन्नास वेळा रीस्टार्ट केला. पन्नासपैकी पन्नास! जेवायचं राहून गेलं. बायकोला मेसेज टाकला: झालं, आता कधीही ये. तिने लगेच वाचला. उत्तर लिहीत असेल. विचार करून लिहायची सवय आहे तिला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ८.
नाही झाला चालू.

रीस्टार्ट करताना डोंगलची वीज जातच नाही, तो जागाच असतो. म्हणजे काल दिवसभर मी जाग्याला उठवत होतो. खरी परीक्षा रात्रभर बंद असलेला कॉम्प्युटर सकाळी चालू करताना असते. हे तिने मागे एकदा सांगितलं होतं बहुतेक. सकाळीच होतं रे, दुपारी होत नाही, असं. मी 'योगायोग' म्हणून पेपर उघडला होता.

मेसेजला उत्तर नाही. नेटवर्क नसेल.

शनिवार, ९ नोव्हेंबर.
फोन केला. साडूंनी उचलला. दातांचे डॉक्टर आहेत. ती शिकवतेय म्हणाले. म्हटलं, शिकवतेय कशी, कॉम्प्युटर तर इथे! तर म्हणे आमचा जुना दिला, आणि सोमवारी ती आल्या आल्या भिंतीला भोक पाडून वायर ओढून दिली, अर्ध्या तासात.

आयुष्यभर लोकांच्या दातांना भोकं पाडली, आता भिंतींना! वायर हा उपाय नव्हे, पळवाट आहे. माझं काम मुळावर चाललंय. फोन ठेवून परत कोड उघडला.

सोमवार, ११ नोव्हेंबर.
रविवार उलटला. रजा वाढवली. पाच सेकंद काय, पन्नास सेकंद थांबूनही उपयोग नाही. डोंगल अर्धवट जागा होऊन तसाच अडकतो.

आठ वाजता घर फार शांत असतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर.
जमलं! उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर आता डोंगलची वीज पुरती तोडतो, जोडतो आणि नव्याने विचारतो. पाच वेळा. एकाही प्रयत्नाला कंटाळत नाही. कॉम्प्युटरचा प्लग काढून, थांबून, वीस वेळा तपासलं. वीसपैकी वीस.

थोडक्यात, काढून परत घालणं आता ड्रायव्हर स्वतःच करतो. माझा सल्ला बरोबर होता हे सिद्ध झालं. तिचा मेसेज आलाय, शनिवारी येते. बघा!

शनिवार, १६ नोव्हेंबर.
आली. अकरा वाजता. चादर बदलून ठेवली होती.

तिला डोंगल चालू करून दाखवला. दर वेळी कॉम्प्युटरचा प्लग काढून पाच मिनिटं थांबावं लागतं, असं चार वेळा. चारही वेळा चालू झाला. वीस मिनिटं ती शेजारी बसली होती. तीन वर्षांत त्या खोलीत आम्ही एवढा वेळ एकत्र बसलो नसू. मी काय काय केलं ते सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"छान केलंस," म्हणाली. मग म्हणाली, "तू नुसता उठून आला असतास ना रे एखाद्या दिवशी, तर बंद राहिला असता तरी चाललं असतं."

मग तिने कॉम्प्युटर वायरींतून सोडवून मोठ्या बॅगेत भरला. गरम कपडेही घेतले. म्हटलं, अगं, डोंगल राहिला. "तिकडे वायर आहे," म्हणाली.

परत कधी येशील, असं विचारलं. ती काही बोलली नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ८.
डोंगल माझ्या कॉम्प्युटरला लावला. पहिल्या फटक्यात चालू. सवयीने आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, झालं गं चालू!

उत्तर आलं नाही. मग उठून आत गेलो.