धुक्याला तारीख

४ नोव्हेंबर

आमच्या पर्यटन कार्यालयातल्या साहेबांनी माझी योजना मंजूर केली आणि तिथल्या तिथे तिची वाट लावली.

योजना साधी. हिवाळ्यात आमच्या शहरात कुणी चुकूनही फिरकत नाही, कारण धुकं. मग धुकंच दाखवू की! संध्याकाळी नदीकाठचे दिवे बंद, येईल त्याच्या हातात एक कंदील, आणि पुलापासून जुन्या गोदामांपर्यंत चालायचं. बस्स. ना भाषण, ना स्टेज. ज्या दिवशी धुकं पडेल त्या दुपारी लोकांना कळवायचं.

"छान आहे, पण भव्यदिव्य हवं," साहेब म्हणाले. मागे ऑफिसच्या पाण्याच्या टाकीबद्दलही हेच म्हणाले होते. शिवाय, "दुपारी कळवायचं म्हणजे काय? बाहेरगावचे लोक येणार. तारीख द्या." ठरली. सात डिसेंबर, कारण साहेब त्या दिवशी मोकळे आहेत.

मी विचारलं, धुक्याला कळवलंय का? कुणी हसलं नाही.

९ नोव्हेंबर

बाबांना डबा द्यायला गेले. जिन्यात समोरच्या काकूंनी गाठलंच. "कसे आहेत गं? आई अशी अचानक गेली... शेवटी काही बोलली का?" दर वेळी हेच. मीही दर वेळी तेच सांगते आणि वर पोचेपर्यंत दमून जाते.

बाबा खुर्चीत. आई गेल्यापासून एकदाही खाली उतरलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, पण असेच बसून राहिले तर पुढे चालता येणार नाही. सात तारखेच्या कंदिलांचं सांगून बघितलं. म्हटलं, तोवर चला, नुसतं कोपऱ्यापर्यंत. तर म्हणे, "बाहेर बघण्यासारखं आहे काय?"

याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा मला पगार मिळतो! अख्ख्या जगाला या-या म्हणतेय, आणि घरचा एक माणूस जिना उतरवता येत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

१७ नोव्हेंबर

मीटिंग. कंदील गेले, फोकस आले. फोकस आले म्हणून स्टेज आलं. स्टेज रिकामं कसं ठेवायचं, म्हणून गायिका. प्रायोजकांच्या कमानी तर आहेतच. आता यात चालायचं कुठे ते कुणी सांगेना. माझे कंदील स्टोअरमध्ये खोक्यांत पडलेत.

२५ नोव्हेंबर

हवामान खातं म्हणतं, सात तारखेला धुकं नाही, हवा स्वच्छ. साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच धुक्याला फितवलंय. "काढा काहीतरी मार्ग." मार्ग लायटिंगवाल्याने काढला. "मॅडम, धुराचं मशीन आहे ना आपल्याकडे. लग्नात लावतो."

झालं. शहरभर फुकट पडणारी गोष्ट आता भाड्याने आणायची.

१ डिसेंबर

मशीनची चाचणी. वारा फिरला आणि सगळा धूर साहेबांवर. कुणीतरी आग लागली समजून बंब बोलावला. साहेब खोकत-खोकत म्हणाले, "जरा कमी करा, बाकी भव्यदिव्य आहे." मला हसूही आलं नाही.

तिथून तशीच बाबांकडे. परत तेच — "नको, राहू दे." साहेबांवरचा राग बाबांवर काढला. म्हटलं, तुम्हाला आमची काही पडलेलीच नाही, आई गेली म्हणजे आम्हीही गेलो का? त्यांनी टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.

घरी येऊन रडले. बोलायला नको होतं.

७ डिसेंबर

धुकं! सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारतच गायब. हवामान खात्याचं भलं होवो. ऑफिसला जवळजवळ पळतच गेले.

साहेब म्हणाले, "रद्द."

का?

"अहो, बाहेर बघा तरी! बसेस येणार कशा? स्टेज दिसणार नाही, कमानी दिसणार नाहीत. फोटो कसले काढायचे?"

धुकं दाखवायचं आहे ना, साहेब? "हो, पण इतकं नाही."

सूचना मलाच टाइप करायला लावली. 'दाट धुक्यामुळे धुक्याचा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे.' कपाळावर हात मारला आणि खाली शिक्का मारला. संध्याकाळी पुलाशी उभं राहून लोकांना परत पाठवायचं कामही माझ्याच गळ्यात. जाताना कंदिलांचं एक खोकं बरोबर नेणार आहे. साहेबांना काय वाटायचं ते वाटो.

८ डिसेंबर

काल पुलावर पहिलाच जो आला, तो मफलर गुंडाळून, कठड्याला धरत-धरत. "कार्यक्रम रद्द आहे हो," म्हणत कंदील वर धरला. बाबा.

"कंदील तूच देतेस ना?"

एकटे कसे उतरलात, म्हटलं. तर म्हणाले, "आज कुणी कुणाला दिसत नव्हतं. म्हटलं, कुणी थांबवणार नाही. तुझी आई कशी गेली ते कुणाला सांगत बसायला नको."

बाबा गोदामांपर्यंत चालले. मी बरोबर होते. काही विचारलं नाही.