रिकामी पॅकेटं

सोमवार, ३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि छान गेला. कर्वेनगरातल्या आमच्या घरापासून कोथरूडची ही केबलची कंट्रोल रूम स्कूटीवर बारा मिनिटं. गच्चीवर नऊ डिशच्या छत्र्या, खाली थंडगार खोली, तिच्यात मशीनचे चार रॅक. महिपती काका इथे बावीस वर्षं आहेत. त्यांनी मला मल्टिप्लेक्सर दाखवला. छत्र्यांवरून येणाऱ्या प्रत्येक चॅनलचे तो बारीक तुकडे करतो, तुकड्यांवर नंबर टाकतो आणि सगळे एकाच धाग्यात ओवून घरोघर धाडतो. घरचा सेट-टॉप बॉक्स आपल्याला हवे ते नंबर उचलतो. तुकडे कमी पडले तर धागा तुटू नये म्हणून मशीन मधेमधे रिकामे तुकडे, म्हणजे रिकामी पॅकेटं, भरतं. बॉक्स ती फेकून देतो. आमच्या धाग्यावर अठरा हजार घरं आहेत, त्यांत आमचंही. संध्याकाळी आईने शेजारणीला सांगितलं, आमची चैताली आता सगळ्यांना टीव्ही दाखवते.

मंगळवार, ४ मार्च
खोलीत वास येतो. सकाळी ओल्या फडक्याचा होता, दुपारी नासलेल्या दुधाचा. उंदीर मेला असेल, म्हटलं. काका म्हणाले, होईल सवय. रॅकची मागची जाळी पुसली तर फडक्याबरोबर चिकट तार ओढली गेली, थुंकीची ओढली जाते तशी. तीनदा हात धुतले. डबा तसाच परत आणला.

गुरुवार, ६ मार्च
काका जेवायला गेले होते. सहज म्हणून रिकामी पॅकेटं उघडून पाहिली. ती रिकामी नव्हती. प्रत्येकात काहीतरी चिमूटभर होतं. मी त्या सगळ्यांना मिळून एक नंबर दिला, नऊशे नव्याण्णव, आणि खोलीतल्या मॉनिटरवर वळवलं.
गुलाबी, ओलं, हलणारं चित्र आलं. आधी वाटलं ऑपरेशन चाललंय. मग दाढा दिसल्या. ते तोंड होतं, आतून पाहिलेलं. सावकाश चावत होतं. दाढांच्या फटींत केसांचे पुंजके होते, जिभेवर पिवळी साय. मला बेसिनपर्यंतही जाता आलं नाही, तिथेच उलटी झाली.
काका दारात उभे होते. "आपण इंजिनियर ना? हात लावायच्या आधी विचारायचं असतं, एवढं तरी शिकवलं असेल."
मग खुर्चीत बसले आणि आवाज उतरला. "विखुरलेलं होतं तोवर कुणाला त्रास नव्हता. तू त्याला गोळा केलंस."
डिजिटल आलं तेव्हापासून ते छत्रीतून उतरतं, म्हणाले. कुठल्या छत्रीतून, ते त्यांना कधी सापडलं नाही. म्हणून ते रोज त्याचे तुकडे करून रिकाम्या पॅकेटांत पसरून टाकायचे.

शुक्रवार, ७ मार्च
नंबर पुसला जात नाही. रात्रीतून सगळ्या घरांतल्या बॉक्सनी नवं चॅनल म्हणून तो घेतलाय. सकाळपासून फोन. एरंडवण्याच्या मंदाकिनीबाई, निवृत्त शिक्षिका, अगदी शांतपणे तक्रार लिहून घ्या म्हणाल्या: बॉक्समधून पिवळट काहीतरी ठिबकतं, पुसलं की पुन्हा येतं, आणि ते कोमट असतं. डहाणूकर कॉलनीतल्या एकांचं मांजर टीव्हीच्या मागे गेलं ते बाहेर आलेलं नाही.
काकांनी मेन स्विच पाडला. दिवे गेले. मशीन चालूच राहिलं.

शनिवार, ८ मार्च, सकाळ
घरांकडे जाणारी फायबरची केबल उपटायला काका रॅकमागे गेले. त्यांचा हात खांद्यापर्यंत रॅकच्या आत गेला. मग चावण्याचा आवाज. मॉनिटरमधून आणि रॅकमागून, एकाच वेळी. मी त्यांचा पाय धरून ओढत होते. चप्पल माझ्या हातात राहिली, आतून ओली.
आता मॉनिटरवर दाढांत पांढरे केस आहेत.

अकरा वाजता
आईचा फोन. टीव्हीमागची भिंत मऊ झालीय म्हणाली, बोट रुततं. "मी पुसतेय गं. तू येताना फिनेल आण."
घराबाहेर हो, म्हणून ओरडले. म्हणाली, एवढं पुसून होऊ दे.
ते पुसता येत नाही, पण वळवता येतं. अठरा हजार घरांची वाट बंद करून एकच उघडी ठेवायची. ही खोली. त्यासाठी एक बटण दाबून धरावं लागतं. सोडलं की ते परत घरांकडे.

साडेअकरा
वळवलं. डाव्या हाताने बटण धरलंय, उजव्याने लिहितेय. आईने कळवलं, भिंत कोरडी झाली, चॅनल गेलं. मी बरं म्हटलं. फोन ठेवताना आवाज नीट ठेवला.

—
फरशी मऊ. कोमट. घोट्यापर्यंत लाळ— वास तोंडात जातो, गिळावा लागतो—

—
छत खाली आलंय. छत नाही, टाळू. खडबडीत, थेंब डोक्यावर— केसांतून मानेवर— किळस वाटायचीही ताकद—
काका हाक मारतायत. शब्द नाहीत, नुसती जीभ—

बटण दाबलेलं आहे. कुणी वाचलं तर— हात माझा आतच असेल, बोट काढू नका, ते अजून बटण दाबून—